टोलेडोला एक माणूस कमी

आखाती युद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या ईदच्या सुट्टीत आम्ही चार मराठी कुटुंबे सौदी अरेबियातल्या खोबरहून स्पेनला गेलो. माद्रिदला मुक्काम आणि तिथून एक दिवस टोलेडो, असा बेत होता. टोलेडो हे जुने शहर आहे. टेकडीवर वसलेले, तीन बाजूंनी ताहो नदीने वेढलेले, आणि आत अरबांच्या, ज्यूंच्या व ख्रिश्चनांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या. बाकीचे ते पाहायला आले होते. माझा उद्देश वेगळा होता. आमच्यातल्या एका माणसाने पाडव्याच्या जेवणात सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगितली होती. ती खोटी होती. त्याच सगळ्यांसमोर ती त्याने मागे घ्यावी, यासाठी मी गेलो होतो.

मी तेव्हा दम्माममधल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. चुकीच्या बातमीबद्दल आमचा नियम साधा होता. चूक ज्या पानावर झाली, त्याच पानावर दुरुस्ती यायला हवी. ती आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली ढकलली तर तिला दुरुस्ती म्हणत नाहीत.

तो माणूस आमचा शेजारी होता. आमच्या मागच्या इमारतीत राहायचा. धाहरानच्या तेल कंपनीची कामे घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे तो अभियंता होता. त्याच्याकडे लांबलचक अमेरिकन स्टेशन वॅगन होती. मुलगा पुण्याला शिकायला ठेवला होता. इथे नवरा-बायको दोघेच. आठवड्यातून एकदा तरी आमच्याकडे जेवायला असत. मला तो ‘संपादक’ म्हणायचा. मी संपादक नव्हतो, हे त्याला माहीत होते.

ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा पूर्व किनाऱ्यावरच्या पुष्कळ लोकांनी बायकामुलांना भारतात पाठवून दिले. माझी बायको आणि मुलगी राहिल्या. सौदीत परदेशी माणसाचा पासपोर्ट कफीलाकडे, म्हणजे ज्याच्या नावावर त्याला कामाला आणलेले असते त्याच्याकडे, जमा असतो. हातात असतो तो फक्त इकामा, तिथे राहायचा परवाना. देशाबाहेर जायचे तर कफीलाने हो म्हणावे लागते. आमच्या कचेरीने आज-उद्या करत ते लांबवले. मग थंडी आली, मुलीच्या परीक्षा आल्या, आणि युद्ध होणार नाही असे म्हणणारे लोकही भरपूर होते. त्यांच्या बातम्या मीच लावत होतो.

तरीही झालेच तर काय, हे ठरलेले होते. वर्तमानपत्र बंद राहणार नव्हते. मला थांबावे लागणार होते. बायकांना तिथे गाडी चालवता येत नसे. शेजाऱ्याचा मावसभाऊ जेद्दाला होता, देशाच्या पार पश्चिमेला, क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याबाहेर. आमच्या दिवाणखान्यात थालीपीठ खाता खाता त्यानेच हा विषय काढला.

“संपादक, तुम्ही तुमच्या बातम्या सांभाळा. वहिनी आणि पोर माझ्या गाडीत. मागची अख्खी सीट त्यांची.”

“वाटेत चौक्या आहेत. परक्या माणसाबरोबर बाई कशी, विचारतील,” मी म्हणालो.

“बहीण आहे म्हणून सांगेन. हिला विचारा, सख्ख्या बहिणीचं एवढं केलं नाही मी.”

त्याची बायको म्हणाली, “ते मात्र खरं आहे.” सगळे हसले. त्याने आणखी एक थालीपीठ मागून घेतले.

जानेवारीत बॉम्बफेक सुरू झाली, त्या पहाटे मी कचेरीत होतो. शेजाऱ्याने माझ्या घरी फोन केला आणि बायकोला सांगितले, तयार राहा, उजाडलं की निघू. पुढचे मला बायकोने आणि मुलीने सांगितले. दोघींनी वेगवेगळे सांगितले आणि दोन्ही जुळले, म्हणून मी ते नोंदवतो आहे. त्या दोघी एक बॅग, पाण्याचे डबे आणि गॅसचे मुखवटे घेऊन इमारतीच्या दारात उभ्या राहिल्या. मागच्या गल्लीतून वॅगन आली. तो चालवत होता, बायको शेजारी होती. मागच्या सीटवर रजईत गुंडाळलेला टीव्ही होता, त्यावर व्हिडिओ, बाजूला गालिच्याची गुंडाळी आणि तांदळाचे पोते. दारासमोरच्या गतिरोधकापाशी गाडी हळू झाली. मुलीने हात हलवला. गाडी गतिरोधक ओलांडून निघून गेली. हॉर्न वाजला नाही.

बायकोला वाटले, पेट्रोल भरायला गेले असतील. त्या दिवशी पंपांवर रांगा होत्याच. दोघी तिथेच थांबल्या. मी दुपारी घरी आलो तेव्हा पायऱ्यांवर बसलेल्या होत्या.

“पेट्रोलला गेलेत,” बायको म्हणाली.

आमची मुलगी तिथल्या इंग्रजी शाळेतली. घरातही अर्धे हिंदीत बोलायची. ती म्हणाली, “टीवी लेके पेट्रोल भरने कौन जाता है, आई?”

त्यानंतर युद्ध संपेपर्यंत मी रात्रपाळी केली आणि त्या दोघी भोंगा वाजला की न्हाणीघरात जाऊन बसल्या, दाराखाली ओला टॉवेल लावून. मुखवटे मोठ्यांच्या मापाचे होते. मुलीचा बसत नसे, म्हणून बायको तिच्या हनुवटीखाली पंचा कोंबायची. धाहरानवर आलेले क्षेपणास्त्र हवेतच उडवल्याची बातमी मी आधी लावायचो आणि मग घरी फोन करायचो. न्हाणीघरातून फोनपर्यंत यायला त्यांना वेळ लागे. त्या वेळात मी काय विचार करत असे ते इथे लिहायचे कारण नाही. मात्र विचार शेजाऱ्याबद्दल असे.

मार्चमध्ये शेजारी परत आला. जेद्दाच्या मिठाईचा खोका घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, “वाचलात बुवा सगळे!” मी खोका घेतला. त्या वेळी काही बोललो नाही, कारण ऐकायला कोणी नव्हते.

पाडवा एका बँकवाल्यांच्या घरी झाला. गुढी अर्थातच बाहेर उभारता येत नव्हती. ती बाल्कनीच्या दाराआड, पडद्यामागे उभी होती. जेवणाला आम्ही चार कुटुंबे होतो: यजमान बँकवाले, त्यांची बायको आणि दोन मुले, एक संगणकवाला तरुण आणि त्याची नवी बायको, शेजारी आणि त्याची बायको, आणि आम्ही. युद्धात कोण कुठे होते याच्या गोष्टी निघाल्या. बँकवाल्यांनी सहज विचारले, “पण वहिनी तुमच्याबरोबर जाणार होत्या ना जेद्दाला?”

शेजारी म्हणाला, “अहो, वहिनी तयारच नव्हत्या. मी थांबलो, हॉर्न वाजवला. लढाईत माणसाने थांबायचं तरी किती?”

“बायकांचं आवरणं!” बँकवाले म्हणाले. हशा झाला. संगणकवाल्याची बायकोही हसली.

माझी बायको श्रीखंडाचे पातेले घेऊन दारात उभी होती. ती आत आली आणि पंगतीच्या क्रमाने वाढत गेली. शेजाऱ्यालाही वाढले. त्याची बायको ताटाकडे बघत होती.

घरी परतताना बायको गाडीत म्हणाली, “माझं आवरलं होतं. तुम्हाला माहीत आहे ना?”

तिला हे मलाही विचारावे लागले. माझ्या दृष्टीने प्रकरण तिथे पक्के झाले.

स्पेनची कल्पना बँकवाल्यांची होती; ठरवाठरवी मी अंगावर घेतली. परदेशात बोलायचे काम माझ्याकडे येणार हे उघड होते. बायको म्हणाली, “त्यांच्याबरोबर? मी येणार नाही.”

“तू यायलाच हवं.”

“का?”

“तू नसलीस तर तो कोणाला सांगणार?”

“तुम्ही काहीतरी करणार आहात.”

“करायचं त्यालाच आहे,” मी म्हणालो.

निघायच्या वेळी कचेऱ्यांनी इकामे ठेवून घेतले आणि पासपोर्ट हातात दिले. धाहरानच्या विमानतळावर जो तो स्वतःचा पासपोर्ट उघडून बघत होता. संगणकवाल्याच्या बायकोला नवऱ्याचा मिशीतला फोटो प्रथमच दिसला. तिचे हसू विमानात बसेपर्यंत चालू होते.

माद्रिदच्या हॉटेलात शिरलो आणि एक गोष्ट घडली, जी दुसऱ्या कुठल्या प्रवाशांत घडली नसती. मी खोल्यांच्या किल्ल्या घेत होतो. मागे वळलो तर तिन्ही घरांचे पुरुष पासपोर्ट पुढे करून उभे होते. मी मागितले नव्हते. हॉटेलने मागितले नव्हते. इतकी वर्षे पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात राहिल्यामुळे तो स्वतःच्या खिशात ठेवायची सगळ्यांना धास्ती वाटत होती. जो पुढे चालतो त्याच्याकडे तो द्यायचा, एवढेच ठाऊक होते. पहिला हात शेजाऱ्याचा होता.

“घ्या, कफील!” तो म्हणाला. “एकाच्याच हातात बरं असतं. नाहीतर हा तरुण हरवायचा एखादा.”

“तुमचाही द्या, वहिनी,” मी त्याच्या बायकोला म्हणालो.

“माझा यांच्याकडेच असतो,” ती म्हणाली. शेजाऱ्याने तोही दिला.

मी सगळे पासपोर्ट माझ्या खांद्याच्या पिशवीत ठेवले. पिशवीला चेन होती.

माणसे मोजायची पद्धतही तिथेच ठरली. मुले सारखी इकडेतिकडे पळत, डोकी मोजणे जमत नसे. म्हणून प्रत्येक घरातल्या एकाने हात वर करून ‘आमचे आले’ म्हणायचे, की मी चालकाला अंगठा दाखवायचा. माद्रिदमध्ये दोन्ही दिवस शेजाऱ्याचा हात सगळ्यांत शेवटी वर झाला. त्याच्या खांद्यावर जेद्दाहून आणलेला जड व्हिडिओ कॅमेरा होता. राजवाडा असो की रस्त्यावरचे कारंजे, तो डावीकडून उजवीकडे एकदा आणि उजवीकडून डावीकडे एकदा चित्रण करायचा. आम्ही बसमध्ये बसून वाट बघायचो. संधी कुठे येईल हे मला ठाऊक नव्हते. येईल हे ठाऊक होते.

टोलेडोला जाताना छोटी बस भाड्याने घेतली होती. चालक वयस्क होता, बोलायचा कमी. शहरात शिरण्याआधी त्याने बस नदीपलीकडच्या डोंगररस्त्यावर नेली आणि एका वळणावर थांबवली. तिथून पूर्ण शहर दिसते. खाली खोल घळीत हिरवी नदी, पलीकडे पिवळसर दगडाची घरे एकावर एक चढलेली, माथ्यावर चार बुरुजांचा किल्ला आणि एका बाजूला मोठ्या चर्चचा मनोरा. वारा जोराचा होता. ते दृश्य चांगले आहे, एवढे मी सांगू शकतो. मी ते फार वेळ पाहिले नाही.

शेजारी कठड्याच्या फटीतून खाली उतरला. खडकांमधून एक पायवाट होती. कॅमेरा खांद्यावर घेऊन तो एका मोठ्या दगडाआड गेला. फक्त त्याची पांढरी टोपी दिसत होती, डावीकडून उजवीकडे सरकत.

बाकीचे बसमध्ये आले. मी चालकाला हॉर्न वाजवायला सांगितले. त्याने वाजवला. घळीत तो चांगला घुमला. टोपी उजवीकडून डावीकडे सरकू लागली. मी पुन्हा वाजवायला लावला. हे महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे नंतर मला जे सांगायचे होते ते खरे सांगता आले.

मग मी दारात उभा राहून विचारले, “आले का सगळे?”

बँकवाल्यांनी हात वर केला. मुलांच्या भांडणात त्यांचे लक्ष होते. “आमचे आले.”

“आमचे आले,” मागच्या सीटवरून संगणकवाला म्हणाला.

शेजाऱ्याची बायको पुढच्या बाजूला, खिडकीशी बसली होती. तिच्या शेजारची जागा मोकळी होती. तिच्या खिडकीतून ते खडक समोर दिसत होते. मी तिच्याकडे बघितले. तिने माझ्याकडे बघितले. मग तिने हात वर केला. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

“आमचे आले,” ती म्हणाली.

मी चालकाला अंगठा दाखवला. बस निघाली.

शहराच्या वेशीपाशी उतरल्यावर बँकवाल्यांच्या लक्षात आले. “अहो, हे कुठे आहेत?”

“चित्रण करत होते,” मी म्हणालो. “येतील. रस्ता एकच आहे.”

“अहो पण, परत जाऊ या की बस घेऊन!”

“कशाला?” शेजाऱ्याची बायको म्हणाली. “त्यांना शहर बाहेरूनच बघायचं होतं. बघू दे.”

बँकवाले तिच्याकडे बघत राहिले. बायकोने माझा दंड धरून मला बाजूला घेतले.

“तुम्ही मुद्दाम केलंत?”

“मी विचारलं. वहिनींनी हात वर केला.”

ती वळून शेजारणीकडे गेली. त्यानंतर दोघी बरोबर चालू लागल्या. पाडव्यानंतर त्या प्रथमच एकमेकींच्या जवळ होत्या.

आम्ही शहर पाहिले. गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की अलीकडचे छप्पर आणि समोरचे छप्पर यांच्यामध्ये आकाशाची पट्टी तेवढी उरे. एक चर्च पाहिले, जे पूर्वी मशीद होते. त्याच्या विटांच्या कमानी आमच्या मुलांना लगेच ओळखीच्या वाटल्या. एक देऊळ पाहिले ज्यूंचे, आत पांढऱ्या खांबांच्या रांगा. तेही मध्ये चर्च झाले होते. ज्याने जिंकले त्याने आधीच्याची भिंत पाडली नव्हती, तिच्यावर स्वतःची खूण बसवली होती. मला ती पद्धत पटली. दुकानांतून तलवारी टांगलेल्या होत्या, खऱ्या पोलादाच्या. बँकवाल्यांच्या मुलांनी हट्ट धरला आणि त्यांना कागद कापायच्या सुऱ्यांवर गप्प केले. बदामाची मिठाई सगळीकडे होती. बायकांनी ती चाखली आणि आपल्या बदामवडीत वेलची असते म्हणून ती वरचढ, असे ठरवले.

शेजारणीने एका दुकानात सोनेरी तारेच्या जडावाचे कानातले उचलले, आरशात बघितले आणि घेतले. संगणकवाल्याची बायको म्हणाली, “ताई, साहेबांना न विचारता?”

“ते नाहीत ना इथे,” ती म्हणाली. “थांबलो होतो आपण. हॉर्नसुद्धा वाजवला.”

मी हे वाक्य त्याच्यासाठी राखून ठेवले होते. तिने ते माझ्या आधी वापरले. मला राग आला नाही.

जेवायला आम्ही शहराच्या चौकात बसलो. त्या चौकाच्या नावात ‘सूक’, म्हणजे अरबीतला बाजार, आहे, हे माझ्या मुलीने पाटी वाचून ओळखले. अरबांच्या काळी तिथे जनावरांचा बाजार भरे. आमचे जेवण संपत आले तेव्हा शेजारी आला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, बुटांवर पांढरी धूळ, कॅमेरा अजून खांद्यावर. चौकाच्या टोकापासूनच तो ओरडत आला.

“माणसं मोजता येत नाहीत? हे कसले संपादक! डोंगरावर टाकून आलात मला!”

त्याने खुर्ची ओढली, बसला आणि लगेच उठला.

“पोलिसांनी अडवलं मला. हिरव्या कपड्यातले दोघं. पासपोर्ट म्हणे. आता काय दाखवू? इकामा नाही, पासपोर्ट नाही. मी सांगतोय, कफीलाकडे आहे, कफीलाकडे आहे. त्यांना कळेचना!”

“त्यांना कसं कळणार?” संगणकवाला म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसले.

“शेवटी कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं, तेव्हा सोडलं. हसता काय? पासपोर्ट द्या माझा आधी,” तो मला म्हणाला.

मी पिशवी मांडीवर घेतली. चेन उघडली नाही.

“आम्ही थांबलो होतो,” मी म्हणालो. “हॉर्न वाजवला. तुम्ही तयार नव्हता.”

टेबलावरच्या सगळ्यांना ते वाक्य कुठले ते कळले. बँकवाल्यांनी काटा खाली ठेवला. शेजाऱ्यालाही कळले. त्याने कॅमेरा खांद्यावरून उतरवून टेबलावर ठेवला.

“अच्छा,” तो म्हणाला. “म्हणजे हे त्याचं आहे.”

“हो. त्याचंच आहे.”

“लढाई चालू होती राव! ही काय लढाई आहे?”

“नाही. म्हणून तर आरामात सांगता येईल. पाडव्याला जे होते तेच सगळे इथे आहेत. त्या दिवशी काय झालं ते सांगा आणि पासपोर्ट घ्या.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर तो कफीलाकडे राहील.”

बँकवाले म्हणाले, “अहो, जाऊ द्या आता. सहलीला आलोय आपण.” मी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. शेजाऱ्याने प्रत्येकाकडे एकदा बघितले. हिशेब असा होता की कोणीतरी विषय बदलेल. कोणी बदलला नाही.

“गाडीत जागा नव्हती,” तो म्हणाला.

“कशामुळे?”

“सामान होतं.”

“टीव्ही,” त्याची बायको म्हणाली. “टीव्ही, व्हिडिओ, गालिचा. आणि तांदूळ. जेद्दाला काय तांदूळ मिळत नाही?”

“तू गप्प बस.”

“गप्पच बसले होते. तिथे, गाडीत.”

तेव्हा माझी बायको बोलली. तोपर्यंत ती रुमालाची घडी घालत होती. तिने आवाज चढवला नाही.

“भाऊ, मला एकच सांगा. आम्ही दारात उभ्या होतो. तुम्ही आम्हाला पाहिलं होतं का?”

मी पाडव्यापासून निरनिराळे प्रश्न तयार केले होते. हा त्यांत नव्हता. मी त्याच्या खोटेपणाच्या मागे होतो. ती इतके दिवस याच एका गोष्टीचा विचार करत होती, हे मला तिथे समजले.

शेजाऱ्याने टेबलावरचा कॅमेरा थोडा स्वतःकडे ओढला. चौकात कबुतरे उतरली, मुले त्यांच्यामागे गेली. वेटर आला आणि काहीतरी चालले आहे असे ओळखून परत गेला.

“पाहिलं होतं,” त्याची बायको म्हणाली. “पोरीने हात हलवला. मी म्हटलं, थांबा. हे म्हणाले, थांबलो तर टीव्ही उतरवावा लागेल.”

“तुला कोणी विचारलंय?”

“कोणी नाही. म्हणून तर सांगायला इतके दिवस लागले.”

माझी बायको अजून त्याच्याकडेच बघत होती. तिला उत्तर त्याच्याकडून हवे होते. मलाही. मी पिशवीवर हात ठेवून बसलो. संध्याकाळपर्यंत, माद्रिदपर्यंत, विमानतळापर्यंत बसायची माझी तयारी होती.

“पाहिलं,” तो शेवटी म्हणाला.

“काय पाहिलं?” मी विचारले.

“वहिनींना पाहिलं. तयार होत्या. बॅग घेऊन उभ्या होत्या.” मग तो बँकवाल्यांकडे वळून म्हणाला, “हॉर्नबिर्न काही वाजवला नव्हता. झालं? खलास?”

“खलास,” मी म्हणालो.

संगणकवाल्याची बायको माझ्या बायकोजवळ सरकली आणि म्हणाली, “ताई, मी हसले होते त्या दिवशी.” बायकोने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मी तिला कधी विचारला नाही.

मी चेन उघडली आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला. शेजाऱ्याने हात पुढे केला. त्याच्या आधी त्याच्या बायकोने तो उचलला. मग मला म्हणाली, “माझाही द्या.” मी दिला. दोन्ही तिने पर्समध्ये टाकले आणि पर्स मांडीवर घेऊन बसली.

“अगं, माझा दे,” तो म्हणाला.

“एकाच्याच हातात बरं असतं,” ती म्हणाली. “जेवा आता. गार झालंय सगळं.”

त्याने जेवण मागवले आणि जेवला. आम्ही त्याचे होईपर्यंत थांबलो.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीला डोके टेकून झोपली. ती झोपेत असताना मी तिच्याकडे बघत होतो. न्हाणीघराच्या दिवसांपासून तिला दिवसा झोप लागलेली मी पाहिली नव्हती. माझी अपेक्षा होती की एवढे झाल्यावर माझा राग उतरेल. दुरुस्ती छापून आली होती. त्याच पानावर, ठळक अक्षरांत. राग उतरला नाही. तो आटोपशीर झाला, नीट कुठेही नेता येईल असा.

खोबरला परतल्यावर शेजाऱ्याने टोलेडोची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिच्यात स्पॅनिश चालक विसराळू होता. कंपनीतल्या लोकांच्या जेवणांत, वाढदिवसांत, कोणाच्या बारशाला तो ती रंगवून सांगायचा: तो बेपर्वा चालक, ते डोंगर, ते पोलीस. जिथे मी असे, तिथे मी त्याला मध्येच थांबवायचो.

“एक दुरुस्ती,” मी म्हणायचो. “चालक विसरला नव्हता. सगळे आले, असं त्याला मी सांगितलं.”

“आणि हात मी वर केला,” त्याची बायको पलीकडून म्हणायची.

नवखे लोक ही गंमत समजून हसायचे. त्यालाही हसावे लागायचे. मग कोणीतरी विचारायचे, का हो, असं का केलंत? मी माझ्या बायकोकडे बघायचो. तिने डोळ्यांनी नको म्हटले तर तिथेच थांबायचो; तसे काही केले नाही तर कारणही सांगायचो, टीव्हीपासून. बहुतेक वेळा ती नको म्हणायची.

एकदा घरी आल्यावर ती म्हणाली, “अजून किती वेळा?”

“तो सांगेल तितक्या वेळा.”

“मला पुरे झालंय. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. माझं झालं.”

“माझं नाही झालं,” मी म्हणालो.

ती उठली आणि मुलीच्या खोलीत गेली.

पुढल्या वर्षी शेजाऱ्याची रियाधला बदली झाली. निरोपाचे जेवण बँकवाल्यांकडेच होते. बायको डोके दुखते म्हणून घरी राहिली. मी गेलो. शेजारी शांत होता. जेवणभर त्याने रियाधच्या घरांच्या भाड्याबद्दल बोलणे काढले, उन्हाबद्दल काढले, मुलाच्या मार्कांबद्दल काढले. टोलेडोचा विषय त्याने एकदाही काढला नाही.

तो मी काढला.